पान एकेचाळीस

सदरच्या दुकानात पंखा फिरतो, वारा येत नाही.
लोंढे काउंटरवर तीन पुस्तकं मांडतात
साड्या दाखवाव्यात तशी, जराशी उलगडून.
"घ्या ना जी सिस्टर, पाहून घ्या.
घाई काहून करता?"

घाई नाही मला. तेवीस दिवस झाले,
सकाळी पाचला उठून नुसतीच बसते.
तोंडपाठ आहे म्हणावं तर अर्ध्यावर शब्द सुटतात,
आणि जिथं सुटतात तिथं तो
समोरच्या खुर्चीवरून पुढची ओळ सांगायचा,
कवळी न लावता.

पहिलं पुस्तक जाड, सोनेरी कडांचं.
त्यात देवाला 'आपण' म्हटलंय.
आपण कृपा करावी, आपण लक्ष द्यावं,
तहसीलदाराला अर्ज लिहावा तसं.
मी त्याला पन्नास वर्षं तू म्हणते.
रागावले तेव्हा जरा जास्तच.

दुसऱ्यात रोजची तारीख,
तारखेखाली वचन, वचनाखाली गोष्ट.
गोष्टीत कुणीतरी बर्फात हरवतो
आणि लांबवर त्याला दिवा दिसतो.
लोंढे, म्हटलं, बाहेर सेहेचाळीस आहे.
बर्फ इथं संत्र्याच्या रसात,
तोही अर्धा पेला.

तिसरं पर्समध्ये मावेल एवढं. अक्षरं मुंग्यांसारखी.
डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं,
उजव्याचं दिवाळीनंतर.

(लेकीनं फोनमध्ये प्रार्थना घालून दिलीय.
पाचला टुण्ण वाजतं.
पण त्याच फोनवर गॅसचा नंबर लावते,
बँकेचा माणूसही त्यातूनच बोलतो,
आणि मी आमेन म्हणायच्या आत
पडदा काळा होतो.)

"जुनं काय झालं जी? फाटलं?"

फाटलं नव्हतं. पाठीला पट्टी होती,
वॉर्डातल्या चिकटपट्टीची.
जरीपटक्याला, पेटीचं झाकण लावायच्या आधी,
मी ते शांतवनच्या हातात दिलं.
कुणी म्हणालं, राहू द्या, आठवण होईल.
पण त्याच्या हातात नेहमी काहीतरी असायचं,
पाना, कानस, चहाचा कप.
मोकळे हात त्याचे मला बघवेनात.

खालच्या कप्प्यात सुतळीनं बांधलेला गठ्ठा होता.
"ते सोडा जी, मिस्टेक आहे त्याच्यात.
सगळाच माल वापस चालला."
मी एक ओढून काढलं.

पान एकेचाळीस, सकाळची कबुली.
'प'च्या जागी 'त' बसलेला:
माझ्या सर्व तापांची क्षमा कर.

वाचलं. परत वाचलं.
तीस वर्षं पुरुषांच्या वॉर्डात रात्रपाळी,
काखेतला पारा काढून दिव्याखाली धरायचा
आणि लिहायचं, एकशे तीन, एकशे चार,
मलेरिया, टायफॉईड, नाव न कळलेले किती,
कपाळावरची ओली घडी बदलत.
पापं कधी मोजली नाहीत.
ताप मात्र सगळे नोंदवले,
माझ्या अक्षरात, वेळेसकट.

एक सोडून. घरातला, आत्ताचा,
जो मी उन्हाचा म्हणून
दोन दिवस तसाच ठेवला.

"अर्ध्या किमतीत देतो," लोंढे म्हणाले,
"थांबा, दुरुस्त करून देतो."
खिशातलं पेन काढलंही त्यांनी,
टोपण दातात धरलं.

नको म्हटलं.
टाइप मोठा आहे. टेबलावर उघडं ठेवलं
तर मिटत नाही. भाजी निवडता निवडता वाचता येईल.
आणि आत सगळीकडे 'तू' आहे, पाहून घेतलं.
तेवढं सांगितलं त्यांना.

बाहेर ऊन उभंच होतं.
रस्ता ओलांडल्यावर लक्षात आलं,
छत्री दुकानात राहिली.
परत गेले नाही.
पुस्तक डोक्यावर धरलं
आणि छावणीपर्यंत चालत गेले.