उलटं वळण

आखाजीला तीन दिवस होते.
अंगणभर घागरी, कऱ्यांच्या उतरंडी,
आवा कालच उघडलेला, राख अजून कोमट,
आणि एरंडोलच्या आमच्या कुंभारवाड्यात
गल्लीच्या तोंडाशी अडकलेली पांढरी गाडी.

पाच कोरियन माणसं उतरली. सहावी ऋजुता,
पुण्याची, त्यांची भाषा शिकलेली.
चहा आणि मातीची भांडी बघत फिरतात, म्हणाली,
दुकानं नाही बघत, हात बघतात.
आप्पांनी हात धोतराला पुसले
आणि उगाच मागे लपवले.

आईनं आधी आपला चहा दिला,
आलं ठेचून, दूध उतू जाईपर्यंत.
पाचही जणांनी स्टीलचा पेला दोन्ही हातांनी धरला,
भाजलं, तरी सोडला नाही.
"चा," आई म्हणाली.
"छा," त्यांच्यातली म्हातारी म्हणाली.
तेवढ्यापुरती ऋजुताला सुट्टी.

म्हातारीचं आडनाव नाम.
नामबाई! आईच्या तोंडात लगेच बसलं.
त्यांनी गाठोडं सोडलं, कापडात कापड,
त्यात लाकडी डबी, डबीत एकच वाटी,
राखेच्या रंगाची,
आत बारीक भेगांची जाळी,
चैत्रात आमच्या काळ्या रानाला पडते तशी,
फक्त हिच्या भेगांत वर्षांचा चहा मुरलेला.

त्यांचा चहा उकळत नाही.
उकळलेलं पाणी दुसऱ्या भांड्यात निववायचं,
मग पानांवर.
चव्वेचाळीस डिग्रीत पाणी काय निवतंय!
आम्ही सगळे त्या पाण्याकडे बघत बसलो.
शेजारचे झिपरू दादा कुडावरून डोकावले,
हळूच विचारून गेले, कोण वारलं का.

आप्पांनी एक घोट घेतला, जिभेवर थांबवला.
"हाई पानी शे का चा?"
ऋजुतानं काय सांगितलं देव जाणे,
पाचही जण मान लववून हसले.

मग आप्पांनी उरलेलं पिऊन टाकलं
आणि पाहुण्यांची वाटी सरळ पालथी केली.
मी डोळे मिटले.
पण कुंभार माणूस, तोंड नंतर बघतो.
बुडाशी, झिलई पोचली नव्हती तिथे,
मातीत बोटांची वळणं राहून गेलेली.
आप्पांनी त्यांवरून अंगठा फिरवला,
पुन्हा फिरवला, उलटा.
"हाऊ मानूस डावखोरा शे."

मी ते मराठीत सांगितलं, ऋजुतानं त्यांच्यात.
नामबाई खूप वेळ बोलल्या,
आप्पांकडे नाही, आईकडे बघून,
आणि ऋजुतानं त्यातलं एवढंच आमच्यापर्यंत आणलं:
नवरा.
घरच्यांनी जेवायला उजवा शिकवला होता,
चाकावर मात्र डावाच.
मागच्या थंडीत गेले.

आप्पा उठले.
उतरंडीतला एक करा काढला, बोटानं वाजवला, ठेवून दिला.
दुसराही ठेवला. तिसऱ्याचा आवाज पटला.
आई सांगत होती, मी सांगत होते, ऋजुता सांगत होती:
आखाजीला घागर भरायची, वर करा,
कऱ्यावर डांगर,
गेलेल्या माणसाला उन्हाळ्याचं पाणी.
तिकडे डांगर मिळतं का, आईला एवढीच काळजी.
मिळतं, पिवळं, एवढं.
नामबाईंच्या दोन हातांत मावलेलं डांगर
आमच्या डांगराहून लहानच होतं.
चालेल, आई म्हणाली.

त्या पैसे काढायला लागल्या
तेव्हा आप्पा मला म्हणाले, त्यांना नव्हे,
"तिना पैसा नको लेऊ."
करा कापसात गुंडाळला, सरकीसकट.
गाडी मागे मागे सरकत गल्लीतून निघाली,
चार घागरी थोडक्यात वाचल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे
चाकाचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला.
खिडकीतून पाहिलं,
आप्पांनी उजवा हात गुडघ्याखाली दाबून धरलाय
आणि एकट्या डाव्यानं माती वर ओढताहेत.
काठ वाकडा होतो, खाली बसतो.
गोळा करून पुन्हा मध्यावर मांडतात.
दारात आखाजीचं गिऱ्हाईक येऊन उभं आहे,
हाका मारतंय.