चिंच

बिशप्स कॅसलच्या चढावर प्रॉसरचं दुकान.
दार ढकललं की आधी जवसाच्या तेलाचा वास, मग तो.
सर्टिफिकेट बघतो, माझे खांदे बघतो,
मग बूट. बराच वेळ बूट.
"चालणार किती?" विचारतो. "आणि बार किती उडवणार?"
मी म्हटलं, दोन्ही भरपूर.
तो हसला.

एक दुनळी काढली. सव्वासहा पौंड.
बिजागरीखाली एकच बोट धरलं
आणि ती तिथे आडवी राहिली,
दस्ता इकडे, नळ्या तिकडे,
भांडण मिटलेल्या जावांसारखी.

मिरजेत माझे वडील वजनमापे खात्यात होते.
बाजारात शिरले की कुणाशी न बोलता
पारडं उलटं करायचे:
तळाला चिकटवलेली चिंच.
"काटा खोटं बोलत नाही गं, चिंच बोलते."

हे प्रॉसरला सांगितलं.
त्यानं दुसरी बंदूक उलटी केली, सव्वाआठ पौंडांची,
दस्त्याच्या टाचेचं रबर काढलं.
आत भोक. भोकात शिसं.
"ही माझी चिंच.
रविवारी मातीच्या तबकड्यांवर शंभर बार;
हलकी असली तर चाळिसाव्यालाच गाल सुजतो.
ही धक्का स्वतःच गिळते.
आणि एकदा फिरायला लागली की फिरते.
हलकी मध्येच थांबते. हलकीला शंका येतात."

डोंगरावर सगळं उलट.
लाँग मिंडवर नऊ मैल, ओल्या हेदरमधून,
आणि दिवसाकाठी बार तीन.
तिथे दुपारनंतर औंसाचा शेर होतो.
फेझंट पायाखालून फर्रकन उठतो तेव्हा
बंदूक आधी गालाशी हवी, विचार मागून आला तरी चालेल.

सांगताना त्याचा उजवा हात थरथरत होता.
मी फिजिओथेरपिस्ट. त्या थरथरीचं नाव मला येतं.
अशा हातांना आम्ही जड चमचे देतो,
दांड्यात वजन भरलेले,
सूप तोंडापर्यंत पोचावं म्हणून.
मी शिशाकडे पाहिलं.
मी पाहिलेलं त्यानं पाहिलं.
रबर परत बसवताना स्क्रू दोनदा पडला.
दोन्ही वेळा मी त्याचा त्यालाच शोधू दिला.

"सव्वासहाची कुणाची होती?"
"होती एकाची. गुडघे गेले त्याचे."
दस्त्यावर पितळेचा छोटा अंडाकृती तुकडा,
त्यावर जी. पी.
दुकानाच्या पाटीवर ग्विलिम प्रॉसर.

दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं
आमच्या भाषेत चांगलं समजत नाहीत.
त्यानं सरळ ठेवली.
गालाखाली नीट बसते का पाहिलं,
"दस्ता पाव इंच कापावा लागेल" म्हणाला,
आणि कापायची तारीख काही देईना.

रविवारी क्लनजवळच्या मैदानावर
तो शेजारच्या चौकटीत उभा.
"पुल!" ओरडतो. मला दर वेळी पूल ऐकू येतो.
ओकच्या वर तबकडी चढते.
नळी उशिरा हलते, जड,
वाटेत कुठेतरी तिची थरथर विरते.
काळा भुगा गवतावर पडून जातो
आणि ती फिरतच राहते अजून थोडी,
जिथे आता काही नाही
तिथपर्यंत.