गेल्या शनिवारी, याच वेळी

स्पोकेनला मार्चमध्येही रात्री बर्फ धरतं.
इमर्जन्सीतल्या अकरा नंबरच्या खाटेशी
मी स्टूल ओढून बसते, मांडीवर टॅबलेट.
टाके घालणं माझं काम नाही,
पोलिसांना कळवणं नाही,
रागावणं तर मुळीच नाही.
मी फक्त विचारते.

वेंडल क्रोबाक, एकेचाळीस, घरांची छपरं शाकारतो.
डाव्या भुवईत काचेचा चुरा,
दाढीत एअरबॅगची पांढरी पूड,
गिरणीतून दळण घेऊन आल्यासारखा.

आधीच्या सहा तासांत काही घेतलं होतं?
“दोन बिअर.”
सगळे दोनच म्हणतात. दोन हा इथला शुभांक.
मी थांबते.
थांबणंही प्रश्नावलीतच आहे,
छापलेलं नाही एवढंच.
“चार असतील.”
गांजा?
“दुकानातला. पावती आहे.”
ओढला की खाल्ला?
“एक गमी. काही होईना, म्हणून मग दुसरी.”
आणि हसतो, बरगडी धरून:
“बिअरनं पाय जड होतो, यानं हलका.
वजाबाकी होते.”

मी गणित शिकवायला आलेली नाही.
माझ्या तक्त्यात दारूचा एक रकाना, गांजाचा एक,
तिसरा ‘दोन्ही’.
त्यांच्यामध्ये चिन्ह नाही.
अधिक की गुणिले, ते ठरायचंय अजून,
त्यासाठीच तर रात्री दीडला मी इथं.
वजा मात्र कोणीच धरलेलं नाही.

मग शेवटचा प्रश्न, ज्यावर सगळा अभ्यास उभा:
आणि गेल्या शनिवारी, याच वेळी?

कारण त्याला ताडून बघायचं ते त्याच्याशीच,
सात दिवसांनी धाकट्या,
धड बरगड्यांच्या वेंडलशी.

तो बराच वेळ छताकडे बघतो.
छपरांचं कळतं त्याला.
“हेच,” म्हणतो.
“हाच बार, याच गोळ्या, हाच रस्ता.
घरी पोचलो. कुत्र्याला फिरवून आणलं.
झोपलो.”

दोन्ही शनिवार सारखे निघाले
की ती जोडी हिशेबातून गळते.
चूक कुणाचीच नसते, रीतच तशी आहे.
मी खूण करते. पुढे दाबते.
आभार मानते, दहा डॉलरचं कूपन देते.

पडद्यापलीकडे बारा नंबर.
तिला विचारायचं नाही, ती चालवत नव्हती.
लाँड्रीतून घरी चालली होती, म्हणे,
घड्या केलेले कपडे घेऊन.
खुर्चीवर पारदर्शक पिशवीत
एकच बूट, आणि मुलाचा
डायनोसॉरचा पायजमा.
गेल्या शनिवारी ती बहुधा
वीस पावलं मागे होती.
किंवा सिग्नलपाशी बुटाची नाडी बांधत होती.
याला माझ्याकडे रकाना नाही.

साडेतीनला पार्किंगमध्ये
काचेवरचं हिंव खरवडते.
जुन्या लायब्ररी कार्डानं, खरवडणी हरवलीय.
हातभर जागा मोकळी होते.
तेवढ्यातून दिसतं ते पुरे,
असं म्हणायची सवय आहे.

गाडी तापेपर्यंत हात मांड्यांखाली घालून बसते
आणि ऐकू येतो माझाच आवाज, कामावरचा, सपाट:
गेल्या शनिवारी, याच वेळी?

मोघ्यांच्या सुधन्वाचं घर घ्यायचं ठरलं, ती पार्टी.
चालवून मीच आणलं सगळ्यांना.
मागच्या सीटवर दोन पोरं झोपलेली.

दोन ग्लास, मी म्हणते.
मग थांबते,
जशी तिथं थांबते.