ओळ दोनशे चौदा

नारीनच्या जलमापन केंद्रात पहाटेचे साडेतीन.
हीटरवर वाळत टाकलेले मोजे
आणि पडद्यावर एकच वाक्य:
ओळ २१४, फाईल अनपेक्षितपणे संपली.

सायकाल ओळी मोजते. दोनशे तेरा.
पुन्हा मोजते.
दोनशे चौदावी तिने लिहिलेलीच नाही.
आग रामेश्वरी असेल कुठेतरी,
बंब मात्र वेशीबाहेर, जिथे घरच नाही
तिथे घंटा वाजवत उभा.

सहाला खालच्या धरणावर आकडा गेला पाहिजे.
काल संध्याकाळी तिने स्क्रिप्टमध्ये अट घातली:
जर पाणी दोन मीटरच्या वर गेलं, तर मला उठव.
मग कुणीतरी जेवायला हाक मारली.

सोवेतबेक चहा घेऊन येतो.
आता रात्रीचा पहारेकरी; त्याआधी एकोणचाळीस वर्षं
हाच आकडा वहीत लिहिणारा,
शाई गोठली की पेन्सिलीने.
"काय म्हणतंय?"
ती किरगिझमध्ये सांगते.
तो 'अनपेक्षित'पाशी अडतो.
"म्हणजे त्याची काहीतरी अपेक्षा होती.
कसली, ते विचारलंस?"

नाही विचारलं.
लाल अक्षरं दिसली की ती आधी मान खाली घालते,
वाचते नंतर.

मग तो तारेची गोष्ट काढतो, कुणी न विचारता.
हिवाळ्यात लाईन गेली की फ्रुंझेची ऑपरेटर लिहून ठेवायची:
नारीन बोलत नाही.
"नारीन बोलतच होतं, पोरी.
तार तुटलेली असायची दोलोनच्या घाटात, बर्फाखाली.
तिला एवढंच कळायचं, की ऐकू येणं थांबलं."
हा अर्ध्या वाटेवर जायचा, खांबावर चढून रिंग द्यायचा.
फ्रुंझेहून उत्तर आलं तर बिघाड मागे राहिला,
नाही आलं तर पुढे. मग उरलेल्याचं अर्धं.
"घोडं कुठे पेंड खातंय हे बघायलासुद्धा
घोड्यावरूनच जावं लागायचं तेव्हा."

सायकाल खालच्या अर्ध्या ओळी निजवते.
तक्रार तीच, जागाही तीच.
म्हणजे वर.
वरच्यातल्या अर्ध्या. मग त्यातल्या अर्ध्या.
चहावर साय धरते.

ओळ अडतीस.
जर.
उघडलेलं, आणि मिटायचं राहिलेलं.
त्यापुढची सगळी मोजमापं, सरासऱ्या,
धरणाला पाठवायचा निरोपसुद्धा
त्या एका 'जर'च्या पोटात.
आणि मशीन बिचारं
आता मिटेल, आता मिटेल म्हणत
एकशे पंचाहत्तर ओळी वाचत गेलं,
तोवर कागदच संपला.
ओरडलं नव्हतं ते.
शेवटच्या पायरीवर उभं राहून विचारत होतं,
कुणी येतंय ना?

या भाषेत 'जर' मिटवायला
त्याचीच अक्षरं उलटी लिहायची असतात.
दोनच अक्षरं. लिहिते.

ओळ ६१: ही आज्ञा माहीत नाही.

सोवेतबेक खो खो हसतो.
ही दुसरी, इतका वेळ पहिलीच्या आडोशाला बसलेली.
साधी स्पेलिंगची चूक,
आणि या खेपेला बंब बरोबर दारात.

सहाला पाच कमी.
म्हातारा बॅटरी घेऊन पुलाखाली गेलाय
पट्टीवरचं पाणी डोळ्यांनी बघायला.
अविश्वास नाही. सवय.

एक मीटर सत्याऐंशी, तो खालून ओरडतो.
पडद्यावरही तेच.
अट लागू नाही.
सायकाल मोजे चाचपते. अजून ओलेच आहेत.