उसन्या वहाणा

ला पाझ. साडेतीन हजार मीटर.
टॅक्सीवाला म्हणाला, इथं तीनच नियम:
खायचं थोडं, चालायचं सावकाश, झोपायचं एकट्यानं.
ट्रेकला अजून तीन दिवस होते.
तोवर रक्तानं शिकायचं होतं
थोडक्या हवेत संसार करायला.

पहिल्या दिवशी हॉटेलचा जिना हाच ट्रेक.
चौदा पायऱ्या, मधे एक मुक्काम,
डोक्यात कुणीतरी खलबत्ता घेऊन बसलेलं.
इत्सासो (तिच्या भाषेत या नावाचा अर्थ समुद्र)
बेसिनवर वाकून म्हणाली,
समुद्राला एवढ्या उंचावर आणायलाच नको होतं.
मालकीणबाई कोकाचा चहा ठेवता ठेवता म्हणाल्या,
आमचाही एक होता. चिलीनं नेला.

दुसऱ्या दिवशी केबल कार.
खाली गिलावा न केलेली विटांची घरं,
डोंगराच्या पातेल्याला आतून धरलेल्या खरवडीसारखी.
पायाखालून दफनभूमी गेली,
थडग्यांना काचेची दारं, आत बोटभर कोका-कोला,
नैवेद्याला ठेवावा तसा.
समोरच्या बाईंनी मांडीवरचा केक घट्ट धरला होता,
त्यांनी एकदाही खाली पाहिलं नाही.
वित्से गच्च्यांवरचे कुत्रे मोजत होता.
एकोणतिसाव्याला त्याला धाप लागली.

आणि रोद्रिगेस बाजारात,
सुकवलेल्या काळ्या बटाट्यांच्या ढिगापाशी,
माझ्या उजव्या बुटानं आ वासला.
सात वर्षांचा डिंक
इथल्या उन्हानं एका दुपारीत सोडवला.

निळ्या पत्र्याच्या टपरीत दोन कासिमिरो वांका.
त्यांनी बूट वाकवला, हुंगला,
डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसं
माझ्याकडे बघितलं.
उद्या संध्याकाळी.
आणि तोवर मी?
फळीखालून टायरच्या वहाणा निघाल्या,
रबरावर कंपनीचं अर्धं नाव अजून वाचता येणारं.

तिसरा दिवस मी त्या वहाणांत काढला.
टायरवर, म्हणजे एका परीनं गाडीनंच.
काल चढ फक्त छातीला कळत होता,
आज तळव्यांनाही कळला.
झेब्र्याचा पोशाख घातलेल्या पोरानं
चौकात वाहनं अडवली, माझ्या पायांकडे पाहिलं
आणि कडक सलाम ठोकला.
काल मागं लागलेली, तोंडं झाकलेली
पॉलिशवाली मुलं आज शेजारून गेली,
मी तिथं नसल्यासारखी.
चमकवण्याजोगं माझ्याकडे काही नव्हतंच.
मक्याचं जांभळं, गरम आपी विकणारीनं
एक बोलिव्हियानो कमी घेतला.
की काल जास्त घेतला होता?

संध्याकाळी बूट तयार,
बटाट्याची पोती शिवतात त्या लाल सुतळीनं.
कुठं निघालात?
चोरोची वाट, मी म्हटलं.
(माझ्या भाषेत त्याचं काय होतं ते सांगितलं नाही.)
खिंडीपासून तीन दिवस, खाली जंगलापर्यंत.
सुतळी दातांत धरून ते म्हणाले,
आई त्याच वाटेनं वर आली.
तिच्या पाठीवर संत्री. संत्र्यांवर मी.
किती दिवस लागले?
त्यांनी सुतळी तोडली.
तेव्हा मला कुठं मोजता येत होतं.
मुक्कामाला पोचलो की मला एक संत्रं मिळायचं,
आणि ती म्हणायची, चला, ओझं कमी झालं.
बुटाचे तीस झाले. वहाणांचं विचारलं
तर त्यांनी त्या उलट्या करून धूळ झटकली,
परत फळीखाली सरकवल्या.

पहाटे साडेचार. मिनीबसचा भोंगा.
चौदाच्या चौदा पायऱ्या न थांबता.
उतरतानाच, म्हणा.
शहर अजून दिव्यांत बुडालेलं.
वित्से पुन्हा यादी वाचत होता:
स्टोव्ह, दोर, गोळ्या, कोरडे मोजे.
माझ्या सॅकमध्ये वरच्या कप्प्यात तीन संत्री,
यादीत नसलेली.
चौथं हातात घेतलं होतं काल बाजारात.
मग वजनाचा विचार केला.