दोन्हीकडचा बाण

मॉली मॅडमनी फळ्यावर एक बाण काढला
आणि त्याच्या पोटाखाली दुसरा, उलटा.
म्हणाल्या, हे दोन्हीकडे चालतं. एकाच वेळी.
मी वहीत एकच काढला.
पुस्तक इंग्रजीत, माझं डोकं मराठीत,
शेजारची रोशनी मॅकवान गुजरातीत पुटपुटणारी,
त्यात आणखी उलटे बाण कोण सांभाळणार?

कार्बन डायऑक्साइड, पाणी.
त्यांचं कार्बोनिक आम्ल.
आम्लातून सुटलेला हायड्रोजन, आणि बायकार्बोनेट.
रक्ताचा पीएच सात पूर्णांक पस्तीस ते पंचेचाळीस,
एवढ्याशा बोळातून माणूस जन्मभर जातो
आणि त्याला भिंती लागत नाहीत.
हे वाक्य मॅडमचं. बाकीचं मी पाठ केलं,
कुलपाचा नंबर पाठ करतात तसं,
आत काय आहे ते न बघता.

मांडवीच्या अलीकडे बाबांची सोड्याची गाडी.
हिरवट जाड बाटल्या, गळ्यात गोटी.
चौथीत होते तेव्हापासून विसळतेय.
गॅस भरताना बाटली उलटी धरायची,
गोटी आपसूक रबराला जाऊन बसते,
आणि आतलं पाणी दात आवळून गप्प राहतं.
बाबा त्या गॅसला गॅस म्हणतात.
पूर्ण नाव विचारायची वेळ त्यांच्यावर आली नाही.
माझ्यावर आली, तरी मी विचारलं नाही.

मग मेडिसिन वॉर्ड, खाट अकरा.
धवल, डभोईचा, वय एकोणीस.
घरात सोयरिकीची बोलणी चाललेली,
सुई कुणाच्या नजरेला पडू नये
म्हणून तीन दिवस इन्सुलिन घेतलं नव्हतं.
तोंडाला उतरलेल्या फळाचा वास,
थोडा नखांचा रंग पुसायच्या औषधाचा.
त्याची आई माझ्या ॲप्रनचं टोक धरून:
बेन, ए दोड्यो नथी, तो केम हांफे छे?

घड्याळ धरून मी पूर्ण मिनिट मोजलं.
चौतीस.
धापा नव्हत्या त्या. खोल, तळातून,
कुणी नेटानं काम करावं तसे श्वास.
आणि मोजता मोजता, सव्विसाव्याला की सत्ताविसाव्याला,
मला बाबांचा अंगठा दिसला गोटीवर.
हा पोरगा गोटी दाबतोय.
फस्स. गॅस बाहेर.
गॅस गेला की आम्ल मागल्या पावली फिरतं,
हायड्रोजन बायकार्बोनेटला धरतो,
पुन्हा पाणी होतं, पुन्हा गॅस, पुन्हा फस्स.
खालचा बाण. मी न काढलेला.
रक्त आंबट झालेलं,
आणि पोराची शुद्ध अर्धी, तरी छाती
पाठ न करता सगळं समीकरण सोडवत होती.

आईला म्हटलं, मोडक्यातोडक्या गुजरातीत,
पळून दमलेला नाही तो, आतलं आंबट बाहेर टाकतोय.
तिनं मान हलवली. समजलं असेल, किंवा
कुणीतरी उत्तर दिलं एवढंच पुरलं असेल.
परमार सिस्टरनी सलाईन चालू केलं, इन्सुलिनचा पंप लावला.
पोटॅशियमवर डोळा ठेव, म्हणाल्या,
इन्सुलिन आलं की ते पेशीत पळतं,
आणि बाहेर कमी पडलं तर हृदयाचा ताल चुकतो.
मी काही केलं नाही.
चौतीस लिहिलं. मग एकतीस.
ड्यूटी संपताना अठ्ठावीस.

रात्री गाडीवर उभी राहिले, युनिफॉर्म पिशवीत.
बाबांना सांगितलं की तुमची बाटली आज वॉर्डात भेटली.
ते म्हणाले, फुटली नाही ना?
नाही म्हटलं.
बाटल्या हल्ली मिळत नाहीत, म्हणाले,
आणि शेवटच्या गिऱ्हाईकासाठी लिंबू पिळलं.

मीठ मीच टाकलं, चिमूटभर.
पेला एकदम फसफसून वर आला,
माझ्या मनगटावरून, घड्याळावरून, फळीवर.
हे का होतं?
माझ्या पुस्तकात अजून आलेलं नाही.
बाबांना विचारलं.
म्हणाले, हळू टाकायचं.