कोणत्या खुर्चीवरून

गोष्ट नाटक कंपनीचीच होती:
पडद्यामागे भांडणं, आरशापुढे रंग,
नायिकेला ताप, आणि ऐन वेळी
पुढे ढकललेली कोरसमधली पोर.
दिग्दर्शक मोघे म्हणायचे, गाणं उगाच येता कामा नये.
झाडाखाली कुणी गायला लागलं
तर लोक विचारतील, पेटी कुठाय?
म्हणून पेटी दाखवायची. दगडू गुरव दाखवायचा,
त्याचा भाता मारणारा हात,
पखवाजावरची ओली कणीक.
मग गाणं खरं.

शेड आमच्या तांबट आळीच्या पाठीला.
माईक कागदी फुलांच्या कुंडीत,
आणि त्यात आधी शिरायची ती आमची आळी,
ठण् ठण् ठण्,
हंडे, घंगाळं, लग्नसराईचे बंब.
मला रोजचे दोन आणे.
पळत जायचं, हात वर करायचा: थांबा, गाणं आहे.
आळी थांबायची.
अप्पा तेवढे ओळ पुरी करूनच थांबत.
"मठार मध्ये सोडला तर भांड्यावर दिसतं," म्हणत.
"गाण्याला काय, ते पुन्हा म्हणता येतं."

शेवटचा नाच वरून घ्यायचा ठरलं.
कैच्यांवर फळ्या, फळ्यांवर कॅमेरा,
त्याला मिठी मारून पालथा पडलेला रुस्तमजी.
खाली पंचवटीतून आणलेल्या बारा मुली,
परकर पसरून,
एकीचं डोकं दुसरीच्या गुडघ्यावर.
हा तुकडा मुका. आवाज मागून चिकटवायचा,
म्हणून दगडू गुरव गंगेवर अंघोळीला.
मार्तंड मास्तर आकडे ओरडून ओरडून बसले,
घसा गेला, मुली दरवेळी सहाव्यावर सांडल्या.
मग ते भिंतीला कान लावून उभे राहिले.
बराच वेळ.
"जा," मला म्हणाले, "आज थांबवू नकोस.
सांग, सगळ्यांनी एकदम."

अठ्ठावीस हातोड्या. पहिला ठोका अप्पांचा.
भिंतीपलीकडे म्हणे परकर उघडले, मिटले, उघडले.
मी पाहिलं नाही.
मी आळीत होतो, हात वर धरून,
तांब्यावर ऊन हलत होतं तेवढं पाहिलं.

नाशकात चित्र लागलं, तंबूत आळी झाडून हजर.
फूल उघडलं. पेटी वाजत होती.
कोपऱ्यात दगडू गुरव, अगदी खरा,
भाता मारत.
आमचा एक ठोका नव्हता.
मागून कुणी ओरडलं,
"नाटकात कोणत्या खुर्चीवरून दिसतं रे हे?
आढ्याला लटकून?"
तंबू हसला.
कनातीपलीकडून सातवी पाकळी,
गवंड्यांची कौसा, मैत्रिणीला सांगत होती,
"चेहरा नाहीच गं कुणाचा, नुसते भांग.
तो वाकडा बघ, तो माझा. घाईत पाडलेला."

अप्पा हसले नाहीत.
गुडघ्यावर त्यांची बोटं चालली होती,
पेटीच्या किंचित पुढे,
आणि फूल
बोटांबरोबर उघडत होतं.